कलम चौदा-तीन कोणी लिहिलं

रविवार, ६ जुलै

'शुड' म्हणे! शुड!

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. सित्राच्या बस अपघाताच्या चौकशीची आज पहिली बैठक झाली. बस चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीचा मॅनेजर अर्सलान, कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर दोन मोबाईल, आमच्याच वाहतूक खात्याच्या नियमावलीची प्रत उघडतो आणि आमच्याच तोंडावर कलम चौदा-तीन वाचून दाखवतो. ड्रायव्हरच्या केबिनमधला एसी 'शुड बी मेन्टेन्ड इन वर्किंग ऑर्डर'. मग चष्मा काढून शांतपणे म्हणतो, 'शुड' आहे, 'शॅल' नाही. म्हणजे सल्ला आहे, सक्ती नाही. एसी बंद होता हे आम्ही नाकारत नाही, पण तो नियमभंग होत नाही. मग अपघाताला कारण काय उरलं? ड्रायव्हर झोपला.

हमझा झोपला!

इथे आखातात पाच वर्षं मी या माणसाच्या बसने ऑफिसला गेलोय. खेडचा आहे. पहिल्याच दिवशी मी फोनवर बायकोशी, मेधाशी बोलत होतो ते ऐकून आरशातून म्हणाला, "काय भाऊ, मराठी काय?" तेव्हापासून त्याच्या मागची सीट माझी. एकदाही सिग्नलला त्याचा ब्रेक करकचला नाही. गेल्या वर्षी त्याला सित्राच्या रूटवर टाकलं, रिफायनरीच्या बाजूला. २६ जूनला दुपारी दीड वाजता बस फुटपाथवर चढली आणि स्टॉपच्या खांबाला धडकली. एका फिलिपिनो बाईचा हात मोडला, हमझाच्या कपाळाला सात टाके. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. केबिनमध्ये किती, ते मोजलंय कोणी? नऊ दिवस एसी बंद होता आणि नऊ दिवस त्याने रोज लेखी तक्रार दिली होती. नऊच्या नऊ कागदांवर कंपनीचा शिक्का — 'नोटेड'.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उन्हात काम करायला बंदी आहे. पण ड्रायव्हर उन्हात कुठे? तो तर 'आत' बसलाय! काचेच्या पेटीत!

आता कंपनी त्याला निष्काळजी ठरवून परत पाठवणार. चौकशीचा निकाल २४ तारखेला.

एप्रिलपासून आम्ही कंत्राटांची नवीन नियमावली करतोय. मी त्या कमिटीचा सचिव. जुनी नियमावली चाळणीसारखी आहे हे मला ठाऊक होतं. पण हे कलम? हे कोणत्या गाढवाने लिहिलं? त्याला शोधून काढतोच.


सोमवार, ७ जुलै

सुहाशी बोललो. सुहा आमची कायदा सल्लागार, वयाने माझ्या निम्मी आणि अकलेने ऑफिसातल्या सगळ्यांच्या दुप्पट. तिने सरळ सांगितलं, नवीन नियमात काहीही लिहा, ते हमझाला लागू होणार नाही. त्याचं प्रकरण जुन्या कलमावरच निकाली निघणार. एकच वाट आहे. हे कलम २००८ मध्ये लिहिलं गेलं. त्याचा कच्चा मसुदा गोदामात असेल. ज्याने लिहिलं त्याने पुढे येऊन जबाब दिला की मला सक्तीच म्हणायची होती, आणि मसुद्यात त्याचा पुरावा असला, तर चौकशीवाल्यांना बंद एसी विचारात घ्यावाच लागेल.

"पण सतरा वर्षांनी आपली चूक कोण कबूल करेल?" ती म्हणाली.

मी म्हणालो, माणूस असेल तर करेल.

गोदामातून फाईल काढायला नुमानसाहेबांची सही लागते. आमच्या खात्याचे प्रमुख, कमिटीचे अध्यक्ष, आणि २००८ साली ते याच टेंडर विभागाचे तरुण मॅनेजर होते. म्हणजे त्यांनाच विचारावं ना कोणी लिहिलं ते? विचारलं. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जुनं ते जुनं, खलास, नवीन नियमांकडे लक्ष दे. आणि सही? इंशाल्ला, या आठवड्यात.

साहेबांचं 'इंशाल्ला' आणि आमच्या पुण्याचं 'बघू', दोघं सख्खे भाऊ.


मंगळवार, ८ जुलै

नवीन कलम लिहायला बसलो. नेहमीप्रमाणे आधी मराठीत. ही सवय काही जायची नाही. डोकं मराठीत चालतं, इंग्रजी नंतर चढवायचं, शर्टावर टाय चढवतात तसं.

'एसी बंद असलेली बस डेपोतून निघणार नाही. ड्रायव्हरची एक लेखी तक्रार आली की बस जागेवर उभी. ठेकेदाराने दुरुस्त करून दाखवल्याशिवाय ती हलणार नाही.' इंग्रजी करताना प्रत्येक ठिकाणी 'शॅल'. एकूण अकरा 'शॅल'. आता काढ पळवाट, अर्सलान!

दुसरं कलम — सगळ्यात कमी दराचं टेंडर डोळे मिटून घ्यायचं नाही. आधीच्या बसगाड्या कशा सांभाळल्या ते बघायचं, ड्रायव्हरांच्या तक्रारी बघायच्या, मग दर. हे इतकं साधं आहे की मेधा बाजारात भेंडी घेतानाही हेच करते. पण आमच्या कमिटीत याच्यावर तीन बैठका झाल्या.


बुधवार, ९ जुलै

घरात आणखी एक अर्सलान आहे.

कश्मिराला सकाळी बजावून गेलो होतो, यू शुड फिनिश युवर फिजिक्स बिफोर आय कम होम. आलो तर बाईसाहेब सोफ्यावर, वही कोरी. विचारलं तर मान वर न करता म्हणते, "बाबा, यू सेड शुड. यू डिडन्ट से आय हॅव टू." सोळा वर्षांची पोरगी! मराठी सगळं कळतं, पण उत्तर म्हणून इंग्रजीशिवाय एक अक्षर नाही. म्हटलं, आमच्या घरात पाहिजे म्हणजे पाहिजे, करायलाच पाहिजे! मेधा स्वयंपाकघरातून हसत होती. मला काही हसू आलं नाही.

आज सगळ्या जगाला तो एकच शब्द सापडलाय.


गुरुवार, १० जुलै

सही नाही.


शनिवार, १२ जुलै

हमझाला भेटायला सित्राला गेलो. कंपनीच्या खोलीत सहा जण राहतात. बाकीचे ड्युटीवर, हा एकटाच पलंगावर बसलेला, कपाळावर पट्टी. मला बघून उठायला लागला. मी दरडावून खाली बसवलं. त्याने खजूर आणि पाणी पुढे केलं, आणि पहिला प्रश्न — ती बाई कशी आहे? तिचं प्लास्टर कधी निघणार?

कंपनीने त्याच्याकडे एक कागद आणून ठेवलाय. त्यात लिहिलंय की मला डुलकी लागली. सही केलीस तर शांतपणे घरी पाठवू, पुढे कुठे नोकरी लागायला अडचण येणार नाही. नाही केलीस तर चौकशीत ठपका बसेल आणि मग आखातात कोणी तुझ्या हातात स्टिअरिंग देणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! माझ्या तोंडून अस्सल पुणेरी शिव्या गेल्या, ज्या इथे लिहीत नाही.

हमझाने सही केलेली नाही. त्याची बायको आतिका खेडहून रोज फोन करते, म्हणते, करून टाका सही आणि घरी या, आपण काहीतरी करू. त्याला ते पटत नाही. खिडकीकडे बघत म्हणाला,

"शेखरभाऊ, मी झोपलो नव्हतो हो. चक्कर आली. बावीस वर्षं गाडी चालवतोय. माझा बाप एसटीत ड्रायव्हर होता. झोपलो असं लिहून घरी कसा जाऊ?"

मी त्याला शब्द दिला. म्हटलं, ज्याने ते कलम लिहिलं त्याला शोधून, हाताला धरून चौकशीपुढे उभा करतो. त्याने खजुराचा डबा माझ्या पिशवीत घातला, नको नको म्हणताना.

परत येताना बसमध्ये माझ्या जुन्या सीटवर बसलो. ड्रायव्हर कोणी दुसराच होता. केबिनमध्ये त्याने पुठ्ठा लावून ऊन अडवलं होतं. म्हणजे याचाही एसी बंद!


रविवार, १३ जुलै

सही नाही. साहेब 'मीटिंगमध्ये'. मी चार वेळा गेलो.


मंगळवार, १५ जुलै

आज झल्लाकच्या हॉटेलात सगळ्या ठेकेदारांबरोबर 'विचारविनिमय' होता. समुद्र, पांढऱ्या छत्र्या, जेवणात सात प्रकारचे मासे. हॉलमधला एसी इतका थंड की सुहा शाल गुंडाळून बसली होती आणि अर्सलानने कोट घातला होता. अशा हॉलमध्ये बसून हे लोक चर्चा कशाची करत होते? ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा असावा का याची! एकाने तर विचारलं, सक्ती केली तर 'वाजवी अडचणीं'साठी सूट ठेवता येईल का. मी म्हटलं, येईल, तुम्ही जुलैत दुपारी दीडला केबिनमध्ये बसून अर्ज लिहा, तो मंजूर करू. सुहाने टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला.

मग अर्सलान उठला. म्हणाला, ड्रायव्हरच्या चुकांसाठी कंपन्यांना धरू नका. वड्याचं तेल वांग्यावर! माझा ताबा सुटला. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की जुनं कलम ज्याने लिहिलं, ज्याच्या एका शब्दामुळे एक निर्दोष माणूस झोपाळू ठरतोय, त्याचं नाव मी नवीन नियमावलीच्या अहवालात पहिल्या पानावर घालणार आहे. मग तो कितीही मोठा असो, आज कुठल्याही खुर्चीवर असो. आणि त्यासाठी मला फाईल हवी आहे, जी आठवडाभर एका सहीसाठी अडकली आहे.

मी सरळ नुमानसाहेबांकडे बघत होतो. त्यांनी खिशातून पेन काढलं, अर्ज मागितला आणि सही केली. चेहरा मात्र उतरला होता.

उतरणारच! कर नाही त्याला डर कशाला?


बुधवार, १६ जुलै

मेधाला कालचं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "तूही तेव्हा तिथेच होतास ना? तुला आठवत नाही कोण लिहायचं ते?"

मी म्हटलं, मी तेव्हा नवा होतो. तीस वर्षांचा, नोकरीला चार महिने झालेले. मला कोण विचारत होतं? टायपिंग कर, झेरॉक्स काढ, साहेब सांगतील ते इंग्रजीत नीट करून आण. रात्रंदिवस नुसती परिशिष्टं निघत होती, सहा आठवड्यांत चाळीस. त्यातलं काय काय आठवणार?

ती 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडत नाही.


गुरुवार, १७ जुलै

जिंकलो! कमिटीत नवीन चौदा-तीन मंजूर. अकराच्या अकरा 'शॅल' शाबूत. कमी दराचं टेंडर आपोआप मंजूर होणं बंद. ठेकेदाराच्या खर्चाने जेवणंबिवणंही बंद, हे कलम झल्लाकच्या माशांना अर्पण.

नुमानसाहेबांनी स्वतः बाजूने मत दिलं. कोणी विरोध केला तर त्यालाच गप्प केलं. कळत नाही हा माणूस. आपलं पाप झाकायला दानधर्म चाललाय बहुतेक.

हमझाला फोन केला. त्याला खरंच आनंद झाला, पुढच्या पोरांचं भलं होईल म्हणाला. मग हळूच विचारलं, "माझं काय होईल, भाऊ?" मी म्हटलं, फाईल येते आहे. वली शोधतोय. वली म्हणजे गोदामाचा माणूस, तो म्हणतो २००८ ची खोकी सगळ्यात मागे आहेत.

सात दिवस राहिले.


रविवार, २० जुलै

आज हद्द झाली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, स्वतः करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, ओतून दिला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाले, अहवालात नाव नको घालूस. 'विभागाने तयार केलेला मसुदा' एवढं लिही. मी तेव्हाचा मॅनेजर, सही माझी होती, जबाबदारी माझी. चौकशीपुढे मी जाईन, मी सांगेन की माझ्या विभागाला सक्तीच म्हणायची होती.

मी म्हटलं, सुहाने स्पष्ट सांगितलंय, ज्याने लिहिलं त्याचाच जबाब लागेल. सही करणाऱ्याचा नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत का?

"नाही," ते म्हणाले.

मग कोणाला पाठीशी घालताय?

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "शेखर, ज्याने लिहिलं तो चांगला माणूस आहे. त्याला इंग्रजी नीट येत नव्हतं, आणि मी वाचून न बघता सही केली. सोडून दे."

चांगला माणूस! चांगल्या माणसाच्या चांगुलपणापायी हमझाच्या कपाळाला टाके! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही यांची रीत. कोणीतरी भाचा-पुतण्या असणार, आज कुठेतरी डायरेक्टर झाला असणार. मी चहाला हात न लावता उठलो. दारातून सांगितलं की तुमच्या चांगल्या माणसाला निरोप द्या, थोडी लाज शिल्लक असेल तर आपल्या पायांनी ये, नाहीतर मी ओढून आणीन.

साहेब म्हणाले, "इंशाल्ला." पण हे नेहमीचं नव्हतं. अगदी हळू म्हणाले.

घरी येऊन बूट भिरकावले. मेधाने विचारलं, काय झालं? म्हटलं, नेहमीचंच.


सोमवार, २१ जुलै

वलीला खोकं सापडलं. उद्या सुहाच्या टेबलावर.


मंगळवार, २२ जुलै

पिवळा पडलेला कागद, पेन्सिलीचा कच्चा मसुदा, खाली नुमानसाहेबांची सही. सुहा म्हणाली, समासात काहीतरी हिंदीत लिहिलंय, इथे कोणालाच वाचता येत नाही, तू बघतोस का?

समासात होतं — 'एसी चालू पाहिजेच.' 'च'च्या खाली दोन रेघा. शेजारी बाण काढून इंग्रजी — 'शुड'.

तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"हिंदी नाही," मी सुहाला म्हणालो. "मराठी आहे. आणि अक्षर माझं आहे."

तिने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. जबाब लिहिला. 'पाहिजेच' म्हणजे काय ते समजावून सांगायला चार ओळी लागल्या. खाली पूर्ण नाव घातलं.